एकोजीराजांची आंघोळ

२०२३ साली मी पंचाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर माझ्याइतका हट्टी माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नाही, याबद्दल माझं, माझ्या मुलाचं आणि सुनेचं एकमत होतं. आमच्या घरात एकमत असलेली ती एवढी एकच गोष्ट. ती लंडनजवळच्या क्रॉयडनच्या ट्राममध्ये एका गृहस्थांनी मोडीत काढली. ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, अंगाने शेवग्याच्या शेंगेसारखे, भर जुलैत कानटोपी घातलेले. आणि आपण एकोजीराजांना रोज सकाळी स्वतःच्या हाताने आंघोळ घालतो, असं ते तिकीट तपासणाऱ्याला इंग्रजीत समजावून सांगत होते.

त्या बिचाऱ्याने फक्त पास मागितला होता. यांनी खिशातून पासाऐवजी एक फोटो काढला. फोटोत तांब्याचं एक नाणं, करंगळीच्या नखाएवढं. त्यावर बोट ठेवून यांचं सुरू झालं. मधले दोन थांबे गेले, बिनतिकिटाची पोरं हसत हसत उतरून गेली, आणि यांचे राजे अजून तंजावरच्या वेशीपर्यंतसुद्धा पोचले नव्हते. ते काय बोलले हे मला मागाहून कळलं; मला इंग्रजी धड कळत नाही, शाळा चौथीपर्यंतच झाली. पण चेहरे कळतात. सगळा जन्म लोणंदचा कांदा ट्रकात भरून सेलम-मदुरैला नेलाय, तिकडची माणसं मी मैलावरून ओळखतो. म्हणून मी आपला स्वतःशीच पुटपुटलो, "मद्रासी म्हातारं भलतंच बोलघेवडं दिसतंय."

कानटोपी मागे वळली.

"म्हातारें खरें," ते शुद्ध मराठीत म्हणाले, "मद्रासी नव्हे. आपण कोठील?"

"साताऱ्याकडचा," मी छाती पुढे काढून सांगितलं.

"असें असें. म्हणजे आपण मागें राहिलेले."

मागे राहिलेले! साताऱ्याच्या माणसाला! माझा थांबा पुढे होता, पण मी त्यांच्या थांब्यावर उतरलो, केवळ भांडण पुरं करायला. ते भांडण पुढे वर्षभर पुरलं. त्या दिवसापासून ते मला सातारकर म्हणायला लागले आणि मी त्यांना तंजावरकर.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. थोडक्यात मी सांगतोय, ते कधीच सांगत नसत. थोरल्या महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी फौज घेऊन दक्षिणेत उतरले आणि तंजावरच्या गादीवर बसले. त्यांच्याबरोबर दप्तर सांभाळायला यांचे पूर्वज गेले. ज्यांच्यात धमक होती ते गेले. बाकीच्यांनी साताऱ्यात कांदे लावले. गादीवर बसल्याबसल्या राजांनी पहिली नाणी पाडली, अगदी बारकी, तांब्याची, आणि त्यातलं एक स्वतःच्या हाताने यांच्या पूर्वजाच्या ओंजळीत टाकलं. ते या घराण्याने कधी मोडलं नाही. देव्हाऱ्यात, खंडोबा-भवानीच्या चांदीच्या टाकांशेजारी ठेवलं, आणि तेव्हापासून त्याची देवासारखी पूजा चालली. पुढे वाटण्या झाल्या तेव्हा टाक तंजावरला थोरल्या भावाकडे राहिले आणि धाकट्याच्या, म्हणजे यांच्या, वाटणीला एकोजी आले. "धाकट्याकडे धाकटाच यायचा," असं ते म्हणत, आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा फार सुखी दिसे.

ते इकडे तरुणपणीच आले होते. हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर म्हणून लोकांचे गुडघे आणि खुबे बसवण्यात त्यांची उमर गेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक लेक ग्लासगोला डॉक्टर. पण एवढी वर्षं गोऱ्यांत काढूनही त्यांच्या मराठीवरची धूळ कुणी झटकली नव्हती. ती मराठी जुन्या दप्तरातून निघाल्यासारखी यायची, वर तमिळचा हेल. दार उघडलं की म्हणायचे, "येणें. बसणें. चहा घेणें." मला दर वेळी वाटायचं, आपल्याला हुकूमनामा आलाय, आता कुठल्यातरी किल्ल्यावर जावं लागणार. त्यांना काही महत्त्वाचं सांगायचं असलं की आधी "इंगो!" अशी हाक मारत. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पुण्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्या पोराने त्यांना विचारलं, "अंकल, तुमचं मराठी खूप क्यूट आहे, कुठे शिकलात?" हे म्हणाले, "इंगो बाळ, तुझ्या पुण्यांत पेशवे यायच्या आधीं." पोरगं मोदक हातात धरून तसंच उभं राहिलं.

एकदा मी मुलाकडून मोबाइलवर वाचून घेतलं की, थोरले महाराज दक्षिणेत गेले तेव्हा त्यांनी बापाच्या वाटणीचं बोलायला एकोजींना बोलावलं, आणि एकोजी एका रात्री गुपचूप उठून नदी उतरून निघून गेले. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी पाऊस असताना मी त्यांच्याकडे गेलो.

"पळाले तुमचे राजे!" मी दारातूनच म्हणालो.

"पळाले नाहींत. निघाले."

"न सांगता?"

"थोरला भाऊ फौज घेऊन जेव्हां वाटणीच्या गोष्टी करतो, तेव्हां धाकट्यानें सांगून निघायचें नसतें."

महाराजांबद्दल असं? माझं डोकंच फिरलं. चहाचा कप होता तसा ठेवला, छत्री उचलली आणि एक शब्द न बोलता बाहेर पडलो. फाटकापर्यंत पोचलो तर मागून हाक आली, "इंगो, सातारकर! आतां समजलें ना, राजे कसे निघाले?"

मी परत आलो. चहा गार झाला होता, तो त्यांनी दुसरा केला. हरलो असं मात्र मी म्हटलं नाही, अजूनही म्हणत नाही.

त्याच सुमाराला इथल्या नव्या राजाचं नाणं बाजारात यायला लागलं होतं. तंजावरकरांना त्याचा ध्यास लागला. कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानात जाऊन एक सुईदोऱ्याचं रीळ घ्यायचे, सुटे पैसे हातावर उलटेपालटे करायचे आणि म्हणायचे, "अजून राणीसाहेबच!" त्यांच्या घरात इतकी रिळं साठली की एखाद्या शिंप्याचा जन्म निघाला असता. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "अंकल, राजाने मोकलीश तमारे घेर," म्हणजे राजालाच पाठवतो तुमच्या घरी. मग एकदाचं ते नाणं मिळालं. ते आम्ही दोघांनी दुकानाबाहेर उभं राहून उन्हात धरून पाहिलं. त्यांनी ते अंगठ्याने चोळून पाहिलं. मग म्हणाले, "चेहरा छापला आहे. चेहऱ्याचें काय, आज आहे उद्यां म्हातारा होतो. आमच्या राजांनीं नांव छापलें. नांव राहतें."

आता खरं सांगायचं तर त्या फोटोतल्या नाण्यावर मला नाव कधीच दिसलं नव्हतं. मला दिसायचा तो पाण्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत तांब्याचा तुकडा. तसं मी एकदा म्हटलंही. "दिव्याचा दोष," ते म्हणाले. दिवा बदलला. "डोळ्यांचा दोष." मी नुकतंच मोतिबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं होतं. "मग सातारचा दोष," म्हणाले, आणि विषय संपवला.

माझी सून सकाळी लॅपटॉपपुढे बसते ती संध्याकाळी उठते. मुलगा ट्रेनने लंडनला जातो. दोघंही चांगली आहेत, माझ्या औषधांची वेळ चुकू देत नाहीत. पण बोलायला माणूस फोनवरही मिळतो. भांडायला समोर लागतो. गावाकडून इथे आलो तेव्हापासून मी नुसता "हो, बरं, चालेल" म्हणत होतो. माझा आवाज कसा आहे तेच विसरलो होतो. तो त्यांच्या बैठकीत मला परत सापडला. ते मला आवडतात असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते तसं सांगण्यासारखे नव्हतेच.

मग त्या हिवाळ्यात ते जिन्यावरून घसरले. अँब्युलन्स यायच्या आधीच आपलं मनगट चाचपून त्यांनी कुठलं हाड कुठे मोडलंय ते सांगितलं होतं, आणि एक्स-रे आल्यावर ते जसंच्या तसं निघालं म्हणून प्लास्टर घालून घेताना भलतेच खुशीत होते. ग्लासगोहून लेक धावत आली. ती इथेच जन्मलेली, मराठी तिचं अडखळत, पण माया अडखळत नव्हती. माझ्यासमोरच म्हणाली, "अप्पा, तुम्ही आता एकटा नाही राहायचं. एप्रिलमध्ये मी न्यायला येते. फायनल."

"आणि राजे?"

ती खाली बसली. त्यांचा प्लास्टरमधला हात तिने मांडीवर घेतला. "तुमचा पूजा तुम्ही करा, जोपर्यंत करता येतो. पण नंतर मला नाही जमणार, अप्पा. मी नाइट करून येते, झोपून जाते. आय डोन्ट वॉन्ट टु लाय टु यू."

ती चहा करायला आत गेल्यावर ते मला म्हणाले, "खोटें बोलली नाहीं. घराण्याची शोभते." एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते माझ्याशी भांडले नाहीत, तेव्हाच मी समजलो की हे खोलवर गेलंय. आपल्यामागे राजांना पाणी कोण घालणार, हा एक प्रश्न. आणि हे राजेच आहेत हे जगाने एकदा तरी मान्य करावं, ही जुनी आस. दोन्हीचा निकाल लावायला त्यांनी केंब्रिजला जुन्या नाण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना फोन करून वेळ मागून घेतली. "नुसतें दाखवायचें," मला म्हणाले. "नांव वाचून घ्यायचें. मग पाहूं."

मार्चमध्ये आम्ही ईस्ट क्रॉयडनहून गाडीत बसलो. नाणं चांदीच्या डबीत, डबी रेशमी कापडात, कापड सदऱ्याच्या आत छातीशी. हात अजून पुरता सुधारला नव्हता, म्हणून मी म्हटलं, "द्या, मी धरतो."

"आपलें सोंवळें आहे काय?"

"साताऱ्याचं आहे."

"मग राहूं दे."

गाडी थेट होती, पण वाट लांबची, आणि आमची वयं अशी की माणसाने दर स्टेशनाला उतरावं. मी दोनदा जाऊन आलो. ते जागचे हलले नाहीत. कपाळावर घाम आला तरी नाहीत. देव अंगावर असताना संडासात कसं जायचं?

बाई गोऱ्या, पन्नाशीच्या, केसांत पेन्सिल खोवलेली. स्वभावाने मऊ. त्यांनी टेबलावर काळं मखमली कापड घातलेला एक ट्रे ठेवला, नाणं त्यावर ठेवून घेतलं, आणि भिंगातून, मग यंत्राखाली, मग दिवा आडवा धरून पाहत राहिल्या. तंजावरकर मला मध्ये मध्ये मराठीत करून सांगत होते. "तांबें त्या मुलखाचें आहे म्हणते." मग, "काळही तोच असेल म्हणते." मग, "एका अक्षराचा काना दिसतो म्हणते." मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मारायला नको होती, त्यांचा हात दुखरा होता.

मग बाईंनी काहीतरी विचारलं, आणि तंजावरकर ताठ झाले. अगदी अभिमानाने, मोठमोठ्याने इंग्रजीत सांगायला लागले. बोटांनी चोळून, पुसून, कपाळाला लावून दाखवायला लागले.

"काय विचारलं हो?"

"हें नाणें शेवटीं केव्हां स्वच्छ केलें. मीं सांगितलें, आज सकाळीं. रोज सकाळीं. दूध, मग पाणी, सणाला चिंच. कोरड्या वस्त्रानें पुसून गंध. वडील करीत, आजोबा करीत, त्यांचे आजोबा करीत. राजांना आंघोळ घातल्याखेरीज आमच्या घरांत कोणी घांस घेतला नाहीं. एक दिवस चुकला नाहीं."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. चष्मा काढला, ट्रेकडे पाहिलं, मग हळू आवाजात बोलल्या. तंजावरकरांनी मान डोलावली. पुन्हा डोलावली. पण मला सांगेनात.

"काय म्हणते?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणते, नांव होतें. एकोजींचें असेल, पुत्राचें असेल, आतां सांगतां येत नाहीं. होतें खरें." मग आपल्याच बोटांकडे बघत, "आम्हीं पुसलें, सातारकर. आम्हींच पुसलें."

मला इतिहासातलं काही कळत नाही. पण रोजच्या मायेने माणूस काय काय झिजवतो ते मला न कळायला मी काही दगड नाही.

बाईंचं म्हणणं पुढे असं होतं की, नाणं इथे ठेवलं तर यापुढे झिजणार नाही. पुढेमागे एखादं नवं यंत्र येईल, तांब्याच्या पोटात दाबलेलं अक्षर वाचेल, सांगता येत नाही. घरी नेलं तर जो काना उरलाय तोही जाईल.

"उचला," मी म्हणालो. "घरी चला. यांना काय कळतंय?"

"घरीं म्हणजे कोठें?"

"तुमच्या घरी. क्रॉयडनला."

"एप्रिलनंतर?"

"मग मी घालीन आंघोळ!" हे माझ्या तोंडून निघून गेलं. मी माझ्या घरच्या देवांसमोर धड हात जोडत नाही.

ते हसले. "आपण घालाल. मला ठाऊक आहे. आणि वर्षानें तो कानाही पुसून टाकाल, प्रेमानें." मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक छोटी पुडी काढली. त्यात अक्षता होत्या. घरून निघतानाच घेतलेल्या. म्हणजे या माणसाने ठरवूनच गाडी पकडली होती, आणि मला "पाहूं" म्हणून सांगितलं होतं.

गणपती बोळवायच्या आधी आपण उत्तरपूजा करतो, अक्षता वाहून देवाला जायची मोकळीक देतो आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवतो, तसंच त्यांना करायचं होतं. बाईंना समजावलं. बाई म्हणाल्या, पाणी नको, कुंकू नको, आणि हातमोजे घाला. म्हणून माझ्या या मित्राने निळे रबरी हातमोजे घालून, कानटोपी काढून, खुर्चीवर बसूनच एकोजीराजांची उत्तरपूजा केली. मंत्र अगदी हळू म्हटले. कोरड्या तांदळाचे दाणे नाण्याभोवती पडले. बाई हात बांधून, मान खाली घालून उभ्या होत्या.

सगळं झालं. आता नुसतं एका बोटाने हलवायचं उरलं. त्यांनी निळं बोट पुढे केलं. ते बोट तिथेच राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सातारकर, आपण."

"मी नाही हलवणार. तुमचा राजा, तुम्ही हलवा."

"होत नाहीं."

"मग नका हलवू! नसेल जायचं त्यांना!"

आम्ही दोघं भांडत राहिलो, आणि बाईंना वाटलं पूजा झाली असेल. त्यांनी हात पुढे करून ट्रे आपल्याकडे ओढला. काळ्या मखमलीवर ते नाणं तीळभर सरकलं. अक्षता घरंगळल्या. आम्ही दोघं एकदम गप्प झालो. बाई घाबरून विचारायला लागल्या, माझं काही चुकलं का?

"नो, नो," तंजावरकर म्हणाले. "थँक यू." आणि मला मराठीत, "झालें."

मग बाईंनी कार्ड घेतलं आणि नाण्याबद्दल घरात काय सांगतात ते लिहून घ्यायचं म्हणाल्या. तंजावरकरांनी सुरुवात शहाजीराजांपासून केली. कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं, बाईंनी दुसरं घेतलं. तेव्हा मात्र मला जरा बरं वाटलं.

येताना गाडीत ते खिडकीशी बसले. बाहेर सपाट शेतं, मेंढ्या, पाणी. दोन स्टेशनं गेल्यावर ते उठले आणि डब्याच्या टोकाला संडासाकडे गेले. मी त्यांची पाठमोरी कानटोपी पाहिली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते ऑपरेशनवर ढकललं. परत येऊन बसल्यावर ते म्हणाले, "उद्यां सकाळीं," आणि पुढचं वाक्य काही त्यांनी पुरं केलं नाही. क्रॉयडन येईपर्यंत नाही.

आता ते ग्लासगोला असतात. रविवारी फोन करतात. "येथें थंडी फार. येणें," म्हणतात. मी जाईन जाईन म्हणतो. मुलगा म्हणतो उन्हाळ्यात नेतो. मी फोनवर मुद्दाम एकोजींबद्दल काहीतरी वाकडं बोलतो. ते उत्तर देतात, पण जरा उशिराने, लांबून आल्यासारखं. केंब्रिजच्या बाईंकडून अजून काही कळलेलं नाही. तसं कळायची आम्हाला घाईही नाही.

पण आम्ही केंब्रिजहून परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. जाग आली तशी माझ्या मनात एकच गोष्ट. राजांना आंघोळ घातल्याशिवाय हा माणूस घास घेत नाही. आज कुणाला घालणार? मी जन्मात कुणाकडे जेवण मागितलेलं नाही. ट्रक घाटात बंद पडला, उपाशी राहिलो, पण कुणाच्या दारात उभा राहिलो नाही. त्या सकाळी मी गार पाण्याने आंघोळ केली, सून उठायच्या आत बाहेर पडलो, ट्राम धरली आणि त्यांची बेल दाबली. सोवळं नेसून, ओल्या हातात रिकामं ताम्हण घेऊन त्यांनी दार उघडलं. "येणें" म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. मी चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेलो, गुडघे कुरकुरत असताना फरशीवर मांडी घातली आणि म्हणालो, "तंजावरकर, भूक लागलीये. मला वाढा. आणि मी एकटा जेवत नसतो."